चौघींची एक झोप

माग चालू असला की आम्ही झोपायचो आणि थांबला की उठायचो. हे वाक्य मी आजवर तीन डॉक्टरांना सांगितलं आहे आणि तिघांपैकी एकानेही ते लिहून घेतलेलं नाही. त्यांतले पहिले सर्वांत वाईट होते, आणि हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे. त्यांच्याबद्दल आणि माझ्याबद्दल. पण माझ्याबद्दलचं मी जमेल तितकं शेवटाकडे ढकलणार आहे.

घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, त्यांवर टॉवेल निघायचे. मागे स्वयंपाकाची खोली. आणि मागांच्या डोक्यावरच, पत्र्याखाली, लाकडी फळ्यांचा पोटमाळा. तिथे आम्ही भावंडं झोपायचो. धोटा आडवा धागा घेऊन या टोकाहून सुटून त्या टोकाला आदळायचा, तिथून परत. चार माग म्हणजे चार धोटे, आणि रातपाळी असली की फळ्या रात्रभर थरथरायच्या. उशाशी ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत राहायची. नाना, म्हणजे माझे वडील, गाढ झोपेत असायचे आणि खाली एखाद्या मागाचा धागा तुटून तो थांबला की डोळे मिटलेलेच जिना उतरू लागायचे. आम्ही पोरं पडल्या पडल्या वाट पाहायचो. माग पुन्हा लागला की पुन्हा झोप. घरात तेलुगू बोलायचो, पण ओरडून. हळू आवाजात बोलणं ही ज्यांच्या घरी माग नाहीत अशा लोकांची चैन आहे असं मला फार वर्षं वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तिची बोटं इतकी सरावलेली की ती विडी वळता वळता डुलकी काढायची आणि दोऱ्याची गाठ तरीही जागेवर बसायची. तिची सगळी झोप अशी तुकड्यातुकड्यांची होती. एखाद्या रात्री सलग मिळाली तर ती सकाळी आजारी असल्यासारखी दिसायची. पहाटे मी मैदानावर निघाले की ती उठायचीही नाही, सुपावरची मान न उचलता म्हणायची, ‘डब्यात आहे.’ डब्यात कडक भाकरीचे तुकडे, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार. दुपारी भात आणि पातळ आंबट चारू. हे खाऊन मी शहराच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलरक्षक झाले. पुढे मला ज्या आहारतज्ज्ञ बाई भेटल्या त्यांनी या जेवणाविषयी जे मत दिलं ते मी अम्माला कधी कळू दिलं नाही.

गोलात उभं राहायला मला कानांचा उपयोग व्हायचा. चार मागांतला कोणता बिघडायला आलाय हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही आवाजावरून सांगायचं. तसं समोरच्या मुलीचा पाय चेंडूवर कसा बसला हे मला आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. आमचे प्रशिक्षक कदम सर, एका शाळेतले पीटीचे मास्तर, याला ‘अंगभूत प्रतिभा’ म्हणायचे. ते बरे होते, म्हणजे बोलवेल त्या बाजूला जाणारे होते.

त्या वर्षी विभागाची स्पर्धा सोलापुरात होती. जिंकणाऱ्या संघातल्या मुलींना क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती: राहणं, जेवण, शाळा, बूट. हरणाऱ्या संघातल्या मुली आपापल्या घरी. माझ्यासाठी घरी म्हणजे काय हे भिंतीवर टांगलेलं होतं. अम्माने माझ्यासाठी नवं सूप आणून ठेवलं होतं. ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. सोळाव्या वर्षी मी रोज त्या सुपाखालून चहाचा कप उचलायची आणि मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायची.

अशात आम्हाला झोप शिकवायला डॉक्टर आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना छापील नावाची फार आवड होती, आणि तेवढा आनंदही त्यांना माझ्याकडून मिळू नये अशी माझी इच्छा आहे. ते पुण्याचे, निद्रा आणि क्रीडा या दोन्हींचे तज्ज्ञ. किशोरवयीन मुली नीट झोपल्या तर नीट खेळतात, असं त्यांचं म्हणणं. हे अम्माला कुणी विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं. फक्त तिने त्यासाठी मांडव घातला नसता. मांडव भाऊसाहेबांनी घातला. आमच्या शहरात दर दोन गल्ल्यांआड एक भाऊसाहेब असतो. हे त्यातल्या त्यात मोठे. अभियानाचं नाव ‘शांत झोप, सशक्त खेळाडू’. कार्यक्रम सहाचा होता. भाऊसाहेब साडेआठला आले. मग दीपप्रज्वलन, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं, ज्यांनी शाली दिल्या त्यांना शाली. आम्ही अठरा मुली पहाटे पाचला उठलेल्या, एकसारख्या टीशर्टांत व्यासपीठाच्या कडेला उभ्या. डॉक्टर माइकवर आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. ‘निद्रा ही साधना आहे,’ ते म्हणाले, ‘या वयाच्या मुलीने साडेनऊला अंथरुणात असलंच पाहिजे.’

‘मग आमाला सोडा की आता,’ शेजारून आवाज आला. हळू म्हणून काढलेला, पण तिसऱ्या रांगेपर्यंत गेलेला.

ही सुरेखा. मंगळवेढ्याकडची, मेंढपाळांच्या घरातली, शिकायला म्हणून सोलापुरात मामाकडे राहायची आणि आमच्या बचावफळीत माझ्या बरोबर समोर खेळायची. मी तिच्या पाठीकडे बघत दोन वर्षं काढली. ती समोर असली की अर्धे चेंडू माझ्यापर्यंत यायचेच नाहीत, आणि जे यायचे त्यांच्याबद्दल ती मागे वळून मला शिव्या घालायची. लोक हसले, डॉक्टरही हसले, आणि त्यांनी तिच्याकडे पाहून ठेवलं. अशी माणसं हसतात तेव्हा नोंद करतात.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर खेळाडूंच्या घरी जाऊन झोपेची पाहणी करू लागले. आमच्याकडे आले तेव्हा चारही माग चालू होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढून तो हवेत धरला, आवाज मोजला, आणि कदम सरांना तो असा दाखवला जसा एखादा साप सापडलाय. मग पोटमाळ्याचे फोटो काढले. नाना चहा घेऊन आले होते.

‘इथे झोपते ती?’ डॉक्टर ओरडले. आमच्या घरात त्यांनाही ओरडावंच लागलं, तेवढं समाधान.

‘जन्मल्यापासून,’ नाना म्हणाले. ‘आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक, डॉक्टरसाब. बंद झाला म्हणजे काय तुटलं ते बघायचं. झोप तेव्हा मोडते.’

‘काका, हा तुमचा गैरसमज आहे. तुम्हाला वाटतं सवय झाली. शरीर फक्त सहन करत असतं.’ आणि कदम सरांकडे वळून, नाना समोर उभे असताना, ‘हे घर झोपेला अयोग्य आहे. लिहून घ्या.’

नाना पुढे बहिरे झाले. तेवढ्यापुरतं डॉक्टरांचं बरोबर होतं, आणि हे लिहिताना माझी बोटं दुखतात. पण त्या दिवशी नानांना सगळं ऐकू येत होतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी कपबश्या स्वतः विसळल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि माझ्याकडे न बघता तेलुगूत म्हणाले, ‘जा. त्यांच्याकडे झोप. मोठ्या लोकांची झोप झोपून ये. चेंडू अडवायला लोक तुला गादी देतात. इथं तुटलेला धागा अडवायला मला माणूस मिळत नाही.’

अंतिम सामन्याआधीचं दहा दिवसांचं शिबिर भाऊसाहेबांच्या मंगल कार्यालयात भरलं. लग्नाच्या तिथी नव्हत्या म्हणून ते रिकामं होतं. शहराबाहेर, जाड पडद्यांचं, एसीचं, दारांना खाली रबर लावलेलं. आम्हा मुलींची गाद्यांची रांग ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत. डॉक्टर आणि सर ‘वरपक्ष’मध्ये. प्रत्येकीच्या मनगटाला एक रबरी पट्टा बांधला. तो म्हणे आमची झोप मोजणार होता, आणि सकाळी तिचे शंभरपैकी गुण देणार होता. ते गुण डॉक्टर रोज नाश्त्याच्या वेळी फळ्यावर लिहायचे. सत्तरच्या खाली जी राहील तिला सामन्यात उतरवायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच सकाळी जाहीर केलं. सरांनी मान डोलावली. मी म्हटलं ना, ते बोलवेल त्या बाजूला जाणारे होते.

साडेनऊला दिवे गेले, दार बंद झालं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकली. ती भयंकर होती. कान काहीतरी शोधत राहिले. सगळे माग एकदम थांबलेत, काहीतरी तुटलंय, कुणीतरी जिना उतरायला हवा, असं अंगातलं प्रत्येक हाड मला सांगत होतं. शेजारी रुखसाना, आमची उजव्या बगलेची खेळाडू, तिच्याही घरी माग, तीही टक्क जागी.

‘क्या रे नरशी, नींद आरी क्या?’ तिने विचारलं. माझं नाव नरसम्मा, आजीचं. मैदानावर त्याचं नरशी झालं होतं.

‘नाही.’

‘मेरेकु बी नै. कान में ऐसा लगरा जैसा कोई मर गया.’

पलीकडून श्रीदेवीने, जिच्या घरचा माग आमच्या भिंतीला लागून होता, उशी डोक्यावर घेतली. सकाळी फळ्यावर मी एक्केचाळीस, रुखसाना चव्वेचाळीस, श्रीदेवी सदतीस. सर्वांत वर तन्वी, ब्याण्णव. तन्वी ही भाऊसाहेबांची भाची आणि माझी राखीव गोलरक्षक. मुलगी वाईट नव्हती, आणि याचा मला तेव्हा फार राग यायचा. तिच्या खालोखाल, एक्क्याण्णव, सुरेखा.

डॉक्टरांना मी ते वाक्य सांगितलं, माग चालू असला की वगैरे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘विषारी सवय जायला वेळ लागतो, बाळ,’ म्हणाले. पाचव्या दिवसापर्यंत माझ्या हातांतून साधे चेंडू निसटू लागले. मला पाय लागल्याचा आवाज यायचा, पण तो आला आहे हे कळेपर्यंत चेंडू मागे जाळीत. म्हणजे बघा, त्यांचा सिद्धांत शंभर टक्के खरा होता. झोप नसली की खेळ जातो. ते फक्त त्या खोलीचे मालक नसते तर मी स्वतः त्यांना शाल दिली असती.

सुरेखाला मात्र गादीला पाठ लागायचा अवकाश. मी तिला चिडून विचारलं, तुला कशी झोप येते या मसणात?

‘का येऊ नये?’ ती म्हणाली. ‘घरी मी बारकी असल्यापासनं मेंढरांच्या कडंला. कुत्रं भुकलं की उठ, मेंढरू उठलं की उठ, बापूनं हाक मारली की उठ. मामाकडं तीन पोरं, त्यातलं एक रडतंयच. हितं लांडगा न्हाय, बापू न्हाय, मामी न्हाय. झोपू नगं तर काय करू? लई वर्साची बाकी हाय माजी, नरशे.’ आणि माझ्या डोळ्यांकडे बघून, ‘डोळं कसं झाल्यात बघ तुजं. तांबडं लाल. तुला काडून टाकतील. मग माज्या मागं ती तन्वी हुबी ऱ्हाणार, आन समदं चेंडू मलाच आडवाय लागणार. आन तो पट्टा हिकडं.’

‘काय करतेस?’

‘माज्या हाताला जागा हाय की.’

मी हात पुढे केला. हे वाक्य मी इथे मुद्दाम स्वतंत्र लिहिते, कारण पुढे कागदावर वेगळंच लिहिलं गेलं. मी हात पुढे केला, पट्टा स्वतः काढला आणि तिच्या मनगटावर बांधला. दुसऱ्या रात्री रुखसानाने, तिसऱ्या रात्री श्रीदेवीने. सुरेखा मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या भरल्यासारखी झोपायची, चादरीत हात घेऊन, आणि चौघींची झोप एकटी झोपायची. पहाटे उठून आम्ही आपापले पट्टे परत घ्यायचो. फळ्यावर मी नव्वदवर गेले.

यात एक गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. डॉक्टर संध्याकाळी सगळ्यांच्या झोपेच्या रेषा कागदावर काढायचे. त्यांना दिसलं की चार मुली रोज एकाच मिनिटाला झोपतात, एकाच मिनिटाला कूस बदलतात, पहाटे एकाच क्षणी दचकतात. दुसरा कुणी असता तर त्याने जाऊन चार मनगटं पाहिली असती. डॉक्टरांनी पुस्तिका छापायला दिली. ‘संघनिद्रा’ असा शब्द त्यांनी काढला. एकत्र सराव करणाऱ्या मुलींची शरीरं झोपेतही एका तालात येतात. हे त्यांच्या पद्धतीचं फळ. नाश्त्याला त्यांनी हे उभं राहून दोनदा वाचून दाखवलं. सुरेखाने तोंडात आख्खं केळं घातलं, नाहीतर ती फुटली असती.

सामन्याच्या आदल्या दुपारपर्यंत मात्र मी खरोखर उभी राहू शकत नव्हते. गुण नव्वद आणि पाय पाण्यासारखे. दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असायची, पडदे ओढून. सुरेखा म्हणाली, ‘घरला जा. दोन तास झोप. पट्टा माज्याकडं हाय, तू हितंच हाईस.’ मी मागच्या दाराने, स्वयंपाकी भांडी घासतात तिथून, बाहेर पडले आणि शेअर रिक्षाने घर गाठलं.

घर गप्प होतं. मी विसरलेच होते, मागांच्या सुट्टीचा दिवस होता. नाना एकटेच शेडमध्ये बसून मागाला तेल देत होते. मी त्यांना ओलांडून पोटमाळ्यावर गेले, पडले, छताच्या पत्र्याकडे बघत राहिले, आणि रडायला लागले, रागाने. इथेही तीच शांतता.

‘काय झालं?’ खालून नाना.

‘झोप येत नाही.’

‘मोठ्या लोकांची झोप संपली का?’

बराच वेळ तेलाच्या डबीचा टकटक आवाज येत राहिला. मग नानांनी एक तेलुगू शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही, आणि बटण दाबलं. चौथा माग. त्याच्यावरचं ताण्याच्या धाग्याचं बीम उतरवलेलं होतं, धागा नव्हता, काही नव्हतं. रिकामा माग चालवत नाहीत. धोटा उडून फुटतो, माग खिळखिळा होतो. आमच्याकडे पोरांनी गंमत म्हणून बटण दाबलं तर मार बसायचा. शेजारच्या भिंतीवर कुणीतरी थापा मारल्या, सुट्टीच्या दिवशी काय हे म्हणून. नाना त्यांच्यावरही ओरडले. फळ्या थरथरू लागल्या. मला एवढंच आठवतं.

उठले तेव्हा पाच वाजून गेले होते. माग चालूच होता. नाना तसेच त्याच्याजवळ उभे होते, एक हात दांड्यावर. मी पायऱ्या उतरले तसं त्यांनी तो बंद केला आणि म्हणाले, ‘वीजबिल तुझ्या डॉक्टरला पाठवतो.’

मी परत पोहोचले तर वधूपक्षाचे पडदे उघडे होते. झालं असं की तीन वाजायच्या आधी डॉक्टर भाऊसाहेबांना संघनिद्रा प्रत्यक्ष दाखवायला घेऊन आले. माझी गादी रिकामी. बाकी सगळ्या दचकून उठल्या. सुरेखा नाही उठली. तिचा हात चादरीबाहेर होता, चार पट्ट्यांसकट.

कार्यालयाच्या ऑफिसात मला बोलावलं. भिंतीवर जेवणाच्या पदार्थांची यादी, साधी थाळी, शाही थाळी. टेबलामागे भाऊसाहेब, बाजूला डॉक्टर आणि सर. सुरेखा बाहेर पायरीवर.

‘उद्या पत्रकार येणारेत, डॉक्टर,’ भाऊसाहेब म्हणत होते. ‘त्यांना काय सांगू? एक पोरगी चौघींची झोपते?’

‘पुस्तिका छापून आलीय,’ डॉक्टर म्हणाले. आधी एवढंच म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधत होते; तिथे मला फक्त छपाईची काळजी दिसली. मग ते म्हणाले, ‘एका मुलीचा शिस्तभंग, असं म्हणता येईल. तिचं नाव वगळता येतं. मूळ निष्कर्ष राहतो.’

‘सुरेखाला घरी पाठवू,’ सर म्हणाले. ‘तिच्या जागी दुसरी आहे. पण नरसम्माला ठेवावं लागेल.’

‘का? पळून ही गेली,’ भाऊसाहेब म्हणाले.

‘साहेब, गोलात दुसरी म्हणजे आपली तन्वी…’ सर थांबले.

‘माहीत आहे,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘तिच्या हातात चहाचा कप थांबत नाही.’

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांचं अक्षर सुरेख होतं. सुरेखाने आम्हाला न सांगता, आम्ही झोपेत असताना, आमचे पट्टे काढून घेतले. तिच्याच सांगण्यावरून मी शिबिराबाहेर गेले. मी दोनदा वाचलं. ‘न सांगता’वर माझं बोट थांबलं.

‘सर, असं नाही झालं.’

‘मग दोघी जा,’ सर म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘एस्टीत जागा भरपूर असतात. तुला तर रिक्षाच पुरेल.’

मला ते सूप दिसलं. दुसरं काही दिसलं नाही, मैत्री, न्याय, वगैरे. भिंतीवरचं नवं, कोरं सूप. मी सही केली. माझी पहिली. माझी पाहून मग, आत बोलावल्यावर, रुखसानाने केली आणि श्रीदेवीने केली. कुणी जबरदस्ती केली असं मला फार वर्षं सांगायला आवडायचं. कुणी पेनसुद्धा हातात दिलं नव्हतं. मी टेबलावरून उचललं.

शिक्षा म्हणून की सोय म्हणून, सरांनी मलाच तिची पिशवी उचलून स्टँडवर सोबत जायला सांगितलं. सर तिकिटाच्या खिडकीकडे गेले. मंगळवेढ्याची गाडी लागलेली होती.

‘काय लिवलंस?’ सुरेखाने विचारलं.

मी सांगितलं.

‘न सांगता?’ ती हसली. ‘व्हय गं? हात कुनी फुडं केलता?’

‘मी.’

‘मग?’

तिने माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली. ‘मामा आता ठिवून घेत न्हाय. बापू म्हनंल, लई झालं शिक्षान. मेंढरं हाईतच.’ पिशवीची चेन जरा उघडून तिने मला आत बघायला लावलं. वधूपक्षाची उशी, अभ्र्यावर ‘शुभविवाह’ विणलेलं. ‘ही आनलीया मी त्यांची. आता जाऊन ही बी सांगतीस का?’

‘नाही.’

‘बग बाई. तुजा काय भरवसा न्हाय.’ ती पायरीवर चढली आणि तिथून खाली बघून म्हणाली, ‘इतकं दिस तुजी झोप मी झोपले. आता तितं रोज जागायचंय मला. ती माजी जाग तुज्या अंगावर, नरशे. तू फेड.’

उशीबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या प्रामाणिकपणाच्या हिशेबात तेवढी एक उशी जमा आहे.

त्या रात्री मी झोपले. लोकांना वाटतं अपराध झोपू देत नाही. सोळाव्या वर्षी देतो. त्याच खोलीत, त्याच शांततेत, सुरेखाच्या रिकाम्या गादीशेजारी मी नऊ तास झोपले आणि सकाळी फळ्यावर माझ्या नावापुढे, माझ्या स्वतःच्या मनगटावरून आलेले, चौऱ्याऐंशी होते. डॉक्टरांनी ते लाल खडूने लिहिले. हे मी नानांनाही कधी सांगितलं नाही.

सामना आम्ही एका गोलाने जिंकलो. समोर सुरेखाची पाठ नव्हती, त्यामुळे माझ्यापर्यंत खूप चेंडू आले, आणि मला प्रत्येकाचा आवाज वेळेत ऐकू आला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्यात भाऊसाहेबांचा हात माझ्या खांद्यावर आहे. नाना मैदानावर आले होते, कुंपणाबाहेर उभे. सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘ती पुढं उभी राहणारी कुठं आहे?’

‘घरी गेली.’

‘आज?’ एवढंच म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. रिकामा माग चालवणाऱ्या माणसापुढे खोटं बोलणं फार अवघड असतं, म्हणून मी बूट सोडायला खाली वाकले. महिन्याभराने मी वसतिगृहात गेले. त्या सुपात अम्मा पुढे तांदूळ पाखडायची.

आता मी तिसऱ्या मजल्यावर राहते, शांत सोसायटीत. माग विकले गेले, नाना गेले. रोज पहाटे मला जाग येते आणि कान काहीतरी शोधत राहतात. सध्याचे डॉक्टर म्हणतात वयाने होतं. मी मंगळवेढ्याला दोनदा गेले. पहिल्यांदा मेंढरं घेऊन ती चाऱ्यासाठी खालच्या मुलखात कुठेतरी गेली होती. दुसऱ्यांदा स्टँडवर उतरले, चहा प्यायले आणि त्याच गाडीने परत आले.

पुस्तिका माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागद, पहिल्या तीन पानांवर भाऊसाहेब. अकराव्या पानावर संघनिद्रेचा आलेख, एकीखाली एक तीन रेषा, आणि शेजारी छापील नावं: नरसम्मा, रुखसाना, श्रीदेवी. चौथं नाव वगळलेलं. पहाटे साडेतीनच्या सुमाराला तिन्ही रेषा एकदम उचलतात आणि पुन्हा खाली बसतात. तिथे सुरेखा कुशीवर वळली आहे.